बोळात आडवी टाकलेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका अरुंद बोळात, बिबीजानच्या दाराशी माझं सारं आयुष्य गेलं.

बिबीजानचा नवरा बंदेनवाज सुतार होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने बाभळीच्या लाकडाची माझी चौकट केली. बिबीजानने मागावर उरलेल्या सुताची दोरी वळून मला विणलं. दोरी सैल पडली की दोघं समोरासमोर बसून ती ओढायची आणि हसायची. माझ्यावर शेजारणींच्या शेवया वाळल्या, बोळातली तापलेली पोरं निजली. शेजारच्या घरातल्या विरेशला कांजिण्या आल्या, तेव्हा तो नऊ दिवस माझ्यावरच होता. सगळे म्हणायचे, "बाज असावी तर अशी!"

पुढे बंदेनवाज गेला. घरात लोखंडी पलंग आला आणि मला भिंतीला उभी करून ठेवलं. उंदरांनी माझी दोरी कुरतडली. वर्षानुवर्षं माझ्यावर कुणी बसलं नाही.

गेल्या फाल्गुनात दोन माणसं येऊन विरेशच्या गच्चीवर मापं घेऊन गेली. विरेश आता पुण्यात राहतो. त्याचं घर जुनं, गच्चीखालचा गिलावा पडतो, आणि त्याच्या भिंतीला लागूनच बिबीजानचे पत्रे. त्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार असं कळलं आणि बोळ हादरला. कुणाला किरणांची भीती, कुणाला जनरेटरच्या आवाजाची. बिबीजानला भीती त्या भिंतीची.

यंत्रमागावर काम करणाऱ्या मल्लेशने महापालिकेला अर्ज लिहिला. बेचाळीस जणांनी सह्या आणि अंगठे दिले. बिबीजानने विरेशला फोन लावला.

"चाची, करार झालाय," तो म्हणाला. "आता माझ्या हातात काय नाही."

"बाळा, त्या भिंतीखाली मी झोपते की रे!"

पलीकडून फोन बंद झाला.

लोखंड भरलेला ट्रक पहिल्यांदा आला, तेव्हा विड्या वळणारी बसव्वा धावत आली. तिने मला भिंतीपासून ओढलं, बोळात आडवं टाकलं आणि ती वर बसली. पाठोपाठ आणखी चौघीजणी बसल्या. माझी जुनी दोरी करकरली, पण तुटली नाही. मुकादम खाली उतरून म्हणाला, "बाई, किरणांनी काही होत नाही हो."

"होतं का न्हाय होतं, आमाला ठाव न्हाय," बसव्वा म्हणाली. "पण आमाला विचारलं का कुणी?"

ट्रक मागे गेला. अकरा दिवस बायका पाळीपाळीने माझ्यावर बसल्या. विड्या वळल्या, भाजी निवडली, भांडल्यासुद्धा. मित्रांनो, खरं सांगते, इतक्या वर्षांनी मी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडत होते.

बाराव्या दिवशी कचेरीतून पत्र आलं. बुधवारी अकरा वाजता सुनावणी आहे, सगळ्यांनी हजर राहावं. बुधवारी सकाळी सगळे आनंदाने निघाले. बिबीजानला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं. ती म्हणाली, "तुमी जावा. मी बसते हितं."

साडेअकराला ट्रक आला.

मुकादम तिच्यासमोर वाकला. "आज्जी, उठता का जरा?"

"नक्को बाबा. मी हितनं हलणार न्हाय. सगळे आले की बोला."

"उन्हात कशाला बसताय? त्रास होईल."

त्याने चौघांना खूण केली. चार माणसांनी माझे चार पाय धरले आणि बिबीजानसकट मला उचललं. मला पाय होते, पण ते जमिनीत रोवता आले नाहीत. तिने दोन्ही हातांनी माझी चौकट घट्ट धरली. त्यांनी मला हळूच पलीकडे सावलीत ठेवलं. एकाने तिला पाण्याची बाटली दिली. बाटली तशीच हातात धरून ती बघत राहिली. दोरखंडाने एकेक लोखंडी खांब वर चढत गेला.

दोन वाजता माणसं परतली. साहेब आलेच नव्हते, पुढची तारीख कळवू असं सांगण्यात आलं होतं. मल्लेशने गच्चीकडे पाहिलं आणि तो खाली बसला. बसव्वा रडत म्हणाली, "चाची, तुमी आरडायचं तरी की!"

"कुणावर आरडू ग?" बिबीजान म्हणाली. "ती पोरं लई मायेनं बोलत होती."

महिन्याने उत्तर आलं. टॉवर उभा राहिला असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. बिबीजानने मल्लेशकडून ते दोनदा वाचून घेतलं. "निकाली म्हंजे आपल्या बाजूनं का?" तिने विचारलं. मल्लेशने कागदाची घडी घातली.

जनरेटर लागला की आता ती भिंत थरथरते. बिबीजान दुपारी माझ्यावर बसते आणि तळहात भिंतीला लावून बघते. दुसरं काय करणार? मी तरी काय करणार?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले काही साहेब होतील, काही घरं बांधतील, यंत्रं उभारतील. एखाद्याच्या भिंतीला लागून काही उभं करायचं असेल, तर आधी त्याच्या दाराशी जाऊन बसा. त्याला विचारा. आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उठू नका.