कमरेएवढा कठडा

बालवाडीच्या बाई पुलावर मधोमध उकिडव्या बसल्या आणि त्यांनी मान वर केली. नव्या कठड्याचा आडवा दांडा त्यांच्या डोक्यावरून गेला होता. खाली वासरू आरामात निघून जाईल एवढी जागा मोकळी, आणि तिच्याखाली ओढा.

"सुतारकाका, माप काय धरलंत?"

"कमरेएवढं. कठडा कमरेएवढाच असतो, बाई."

"कुणाच्या कमरेएवढा?"

सुताराने स्वतःच्या कमरेकडे पाहिलं.

बाईंना हसावं की रडावं कळेना. बालवाडी या काठाला आणि निम्मी पोरं त्या काठाला. या कठड्यासाठी त्यांनी वर्षभर एकेकाचे उंबरे झिजवले होते. शेवटी दुकानदाराने लाकूड दिलं, लोहाराने पट्ट्या दिल्या, सुताराने हातातली कामं बाजूला ठेवली. एवढ्या खटाटोपात एखादं पोर आणून दांड्याजवळ उभं करावं, हे मात्र एकालाही सुचलं नाही. बाईंनाही सुचलं नव्हतं, त्यामुळे त्या जास्तच चिडल्या होत्या.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, बाईंना विचारा," मागे लोहाराशेजारी उभा असलेला दुकानदार म्हणाला.

"कधी म्हटलंस?" लोहार उसळला. "लाकूड टाकलंस आणि गेलास, तो आज उगवतोयस."

तेवढ्यात पलीकडच्या काठाला भट्टीवर विटा थापणारी मजूरीण आली, लेकीचा हात धरून. आज ती कामावर उशिरा येते म्हणून सांगून आली होती. एरवी ती पहाटेच जायची आणि चार वर्षांची लेक दिवसभर घरी खाटेच्या पायाला बांधलेली असायची. बाईंनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. कठडा झाला की शेजारच्या पोरांबरोबर पाठवते, असं आईने कबूल केलं होतं.

तिने दांडा हलवून पाहिला. घट्ट होता. मग वाकून खालची मोकळी जागा पाहिली आणि लेकीला घेऊन वळली.

"अहो, थांबा! खालचा दांडा लावून घेते मी."

"लावा. मग आणते."

मागे तिघांचं सुरूच होतं. लाकूडच कमी दिलं, पट्ट्याच आखूड, मला कुणी सांगितलं, तुला काय कळतं. बाईंच्या डोक्यात सणक गेली.

"बसा!" त्या ओरडल्या. "तिघंही खाली बसा! काय भांडायचं ते बसून भांडा. पोराच्या उंचीवरून दिसू दे जरा."

बालवाडीत रोज लावायच्या त्या सुरात त्यांनी हे म्हटलं, आणि तिघेही निमूट बसले. ओढ्याकडे पाठ करून, कठड्याला टेकून, ओळीने. पूल तसा आखूडच. बसल्या बसल्या लोहार दुकानदाराला म्हणाला, "तुझ्यामुळे बोलणी खातोय."

आईच्या हातातून लेकीची बोटं कधी सुटली ते कुणाला कळलं नाही. पोर पुलावर आली होती. तिने सुताराच्या खांद्यावर हात ठेवला, मग लोहाराच्या. दुकानदाराच्या टकलावर हात टेकून ती जरा थांबली, आणि या काठाला उतरली. तिघांचंही बोलणं थांबलं होतं. दुकानदाराने तर श्वासही रोखून धरला होता.

बाईंनी तिला उचललं नाही. त्यांना तेवढं भानच राहिलं नाही.

आई पलीकडे उभी होती. ती पुरुषांकडे न बघता बाईंना म्हणाली, "उद्यापासून मी नसणार. हे असतील का?"

वर्षभरात या तिघांना एका जागी आणताना बाईंच्या नाकी नऊ आले होते. त्यांनी तिघांकडे पाहिलं.

सुतार दोन्ही बाजूंना नजर टाकून अंतर मापत होता. मग त्याने लोहाराला कोपराने ढोसलं.

"जरा इकडे सरक," तो म्हणाला. "मध्ये फट राहतेय."