अठ्ठ्याण्णव नंबरची तबकडी

"अरे चौदा! चौदा मागितली होती मी, अठ्ठ्याण्णव न्हाय!" हाशमभाई फोनवर इतक्या जोरात ओरडले की शेजारचा चहावाला गाळणी हातात धरून बघायला आला.

त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या काउंटरवर माळशिरसहून एसटीच्या पार्सलने आलेली तबकडी पडली होती. बैलांनी ओढायच्या जुन्या पेरणी यंत्रात बियाण्याच्या पेटीच्या तळाशी ही तबकडी फिरते आणि तिच्या भोकांतून एकेक दाणा जमिनीत पडतो. ज्वारीला बारीक भोकं लागतात. ही आली होती अठ्ठ्याण्णव नंबरची, भुईमुगाची. एका भोकातून ज्वारीचे चार दाणे सहज गेले असते.

"चाचा, तुमीच पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला की," पलीकडून माळशिरसचा दुकानदार अभिमन्यू म्हणाला. "स्वच्छ नाइन-एट दिसतंय त्यात."

हाशमभाईंनी खिळ्याला टांगलेलं यंत्राचं माहितीपुस्तक काढलं. ज्वारीसमोर १४ छापलं होतं, मराठीत. इंग्रजी आकड्यांवर वाढलेल्या अभिमन्यूला त्यातला एक नऊसारखा दिसला आणि चार आठसारखा. आता बोलायचं कुणाला? ही यंत्रं बनवणारा अक्कलकोट रोडवरचा कारखाना चालू असताना हाशमभाई तिथे जुळणी खात्यात होते. पुस्तक छापायची वेळ आली, तेव्हा शेतकऱ्याला वाचता आलं पाहिजे म्हणून मालकांशी भांडून त्यांनीच आकडे मराठीत करून घेतले होते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मालकांनी त्यांचं ऐकलं ते तेवढं एकदाच. कारखाना बंद पडला, पण ही गोष्ट ते अजूनही कुणी विचारलं नाही तरी सांगत.

"बरं, मग चौदा पाठव आजच्या गाडीनं."

"चौदाच्या न्हायत हो चाचा. गेल्या महिन्यातच भंगारात घातल्या सगळ्या. हितं सगळा ऊस. ज्वारी कोण पेरतंय?"

हाशमभाईंनी फोन काउंटरवर आपटला. दुधनीच्या दुकानदार विरेशने सकाळीच हात वर केले होते. मोबाइलवर 'तबकडी' शोधून पाहिली, तर उडत्या तबकड्या निघाल्या.

ज्वारी पेरणारी दुकानाच्या पायरीवरच बसली होती. वळसंगची चंद्रव्वा सकाळच्या पहिल्या गाडीने आली होती, कारण गुरुवारी तबकडी तुझ्या हातात, असा शब्द हाशमभाईंनी दिला होता. तिच्या नवऱ्याने घेतलेलं यंत्र हाशमभाईंच्याच हातच्या जुळणीचं. आता नवरा नव्हता, कारखाना नव्हता आणि यंत्रातल्या तबकडीचे दोन तुकडे झाले होते.

"हाशमण्णा, मिळंल का न्हाय तेवढं सांग," ती म्हणाली. "वाफसा उद्यापतूर हाय. मग रान टणक हुतंय."

"भाड्यानं ट्रॅक्टर बघ की."

"त्याचा नंबर आठ दिसांनी. आन् हातानं चाडं धरून मूठमूठ बी सोडायला आता खांदा उचलत न्हाय."

हाशमभाई उठले. त्यांनी आतून स्टोव्ह आणला, शिसं वितळवलं आणि भुईमुगाच्या तबकडीची सोळाच्या सोळा भोकं ओतून बुजवली. आता नवी पाडायची, पण केवढी? पुस्तकात माप नव्हतं. आकड्यांच्या लिपीवरून भांडण्याच्या नादात भोकाचं माप छापायला सांगायचं ते स्वतःच विसरले होते. त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

"पदरात काय बांधलंय?"

"बी हाय की. मालदांडी."

"दे हिकडं."

मग दुपारभर तेच चाललं. भोक पाडायचं, दाणा टाकून बघायचा. अडकला तर भोक वाढवायचं. दोन एकदम गेले, की शिसं ओतून पुन्हा पहिल्यापासून. हाशमभाई ड्रिलवर चिडत होते, चष्म्यावर चिडत होते, चहा आणून देणाऱ्यावरसुद्धा चिडले. पंधरा भोकं जमली. सोळाव्यात ड्रिलचा बिट तुटून आतच रुतला. त्या मापाचा दुसरा नव्हता आणि चंद्रव्वाची गाडी सुटायला अर्धा तास उरला होता.

"एका फेऱ्याला एक जागा मोकळी जाणार," ते मान खाली घालून म्हणाले. "असलं अर्धवट काम मी कुणाला दिलं न्हाय कधी."

चंद्रव्वाने तबकडी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. "उगवल्यावर नांग्या भरीन की मी. मोकळ्या जागी एकेक दाणा टोचायला खांदा लागत न्हाय." तबकडी पदराखाली धरून ती स्टँडकडे निघाली.

ती गेल्यावर हाशमभाईंनी स्टोव्ह विझवला. मग त्यांनी पुस्तक पुढे ओढलं आणि खिशातलं बॉलपेन काढलं. भांडून मिळवलेल्या त्या आकड्याशेजारी लिहिताना त्यांना फार वाईट वाटलं. तरी त्यांनी लिहिलं, 14. लांबून फोटोतही दिसावं म्हणून दोनदा गिरवलं. चौदाची तबकडी आता कुठल्याच दुकानात नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पानावर असे आणखी अकरा आकडे होते. चष्मा पुसून त्यांनी पुढचा लिहायला घेतला.