एकशे बारा सह्या

मुख्याध्यापक पंजाबराव यांनी अर्ज टेबलावरून ललिताकडे सरकवला. ती शाळेत खिचडी शिजवायची. जूनपासूनच लागली होती. हात ओले होते म्हणून तिनं ते आधी पदराला पुसले.

“गावाची मागणी आहे, ललिताबाई. एकशे बारा सह्या आहेत. मी एकटा काय करू?”

‘पोषण आहारासाठी दुसरी बाई नेमावी,’ एवढंच अर्जात होतं. कारण म्हणून अस्वच्छता लिहिली होती. जातीचा शब्द कुठेच नव्हता. विहाराजवळच्या, तिच्या वस्तीतली मात्र एकही सही नव्हती. चौतिसावी सही मनकर्णाची होती.

तीन वर्षांपूर्वी याच मनकर्णासोबत तिनं गावातलं दारूचं दुकान बंद करायला दारोदार सह्या गोळा केल्या होत्या. मग चांदूर बाजारहून अधिकारी आले, बायांचं मतदान झालं, बाटली आडवी झाली. त्या दिवशी मनकर्णानं भर चौकात तिला मिठी मारली होती.

“तुमच्या बाजूनं सह्या आणा,” पंजाबराव म्हणाले. “समितीपुढे दोन्ही अर्ज ठेवतो.”

ललिताची मुलगी नीलम. तिनं दुपारी सुवाच्य अक्षरात नवा अर्ज लिहून दिला. तो घेऊन ललिता पहिल्यांदा मनकर्णाकडेच गेली. मनकर्णा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती.

“तुमी त्या कागदावर सही काहून केली, बाई?”

मनकर्णा गोंधळली. “शाळेच्या कामाचा कागद हाय म्हने. सारे करून राहिले होते, म्या भी केली. वाचला नाई.”

“वाचला नाई?”

“दारूच्या वक्ती तुहा कागद तरी कुठं वाचला होता? तू आनला, म्या सही केली.” तिनं हात झटकले. “आन इकडे. याच्यावर भी करतो.”

तिनं पेन टेकवलाही. ललितानं कागदावर तळवा ठेवला.

“आदी वाचा.”

मनकर्णा सातवी शिकलेली. ओळीखाली बोट फिरवत ती वाचू लागली, ‘ललिता देवमन वानखडे यांच्या हातचे जेवण आमची मुले जेवतील. आमची काही हरकत नाही.’

बोट शेवटच्या शब्दावर थांबलं. आत घरात कुणीतरी खाकरलं. मनकर्णानं पेनाला टोपण लावलं.

“याले तं घरी इचारा लागन वो,” ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं.