गीताबाईचा जळालेला अर्ज

जावेद माहा सख्खा भाऊ नसता तं त्याले कवाच हाकललं असतं. माह्या अर्ज भरायच्या दुकानात त्यानं कम्प्युटरवर लिनक्स टाकलं अन् वरून असा इफेक्ट लावला, की बंद केलेली विंडो धडधडा जळते.

गीताबाईचा रेशनकार्डाचा अर्ज पाठवून मी विंडो बंद केली, तं बाई किंचाळली, "शबाने, माहा अर्ज जाळला व!"

पावती दाखवली. "जळालेल्याची पावती काय चाटू?"

सेटिंगमधले सगळे इफेक्ट बंद केले, तरी आग लागूनच राह्यली. तासभर डोकेफोड केली तवा जावेदनं आगीसाठी वेगळं टाकलेलं एक्स्टेंशन, म्हंजे जोडीचा छोटा प्रोग्राम, सापडलं. ते उपटून फेकलं अन् तिच्यासमोर तिच्या अर्जाची विंडो पुन्हा उघडून बंद केली.

"पाहा मावशी, आता जळते काय?"

बाई अजूनच भडकली. "आधी जळताना तरी दिसला. आता तं राखही नाही राह्यली!"