मासळी धुतलेलं पाणी

दामाजीने पातेलं दोन्ही हातांनी धरून तिसऱ्या बादलीवर तिरकं केलं आणि गढूळ पाणी मातीत जिरेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिला. पाण्याबरोबर दोन-चार खवले आले होते. ते त्याने बोटाने मातीत दाबले. शेवंती तसंच करायची.

"पी," तो झाडाला म्हणाला. "आठवडाच राहिलाय."

आठवड्याने शेवंतीचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी बायकोच्या फोटोला तिच्याच मोगऱ्याचा हार घालायचा, असं दामाजीने संक्रांतीच्या सुमारास ठरवलं होतं आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. विकतचं एकही फूल नको. कोपरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये मोगऱ्याची चार झाडं होती. कठड्याला लागून अबोली, कोपऱ्यात एक जास्वंद. उन्हाळा आला की या एवढ्याशा जागेचा वास जिन्यापर्यंत जायचा. शेवंती पहाटे कळ्या खुडायची, त्यात अबोली घालून वेणी गुंफायची आणि ती माळूनच मासळी विकायला बाजारात जायची. उरलेल्या कळ्या समोरच्या बिऱ्हाडात. बाजारातली गिऱ्हाइकं तिला चिडवायची, की मावशी, तुमच्या पापलेटालाही मोगऱ्याचा वास येतो. मग घासाघीस कशाला करता, असं ती विचारायची.

यंदा मे संपत आला तरी चार झाडांवर मिळून हारापुरत्या सोडाच, हातात धरण्याजोगी एकही कळी आली नव्हती.

दामाजीने कशात कसूर केली नव्हती. संक्रांतीनंतर त्याने शेवंतीसारखीच सगळी पानं ओरबाडून काढली, फांद्यांचे शेंडे छाटले. फेब्रुवारीत पालवी फुटली तेव्हा त्याने यज्ञेशला, मुलाला, दाढी करताना उठवून गॅलरीत आणलं होतं. यज्ञेशने गालावरच्या फेसासकट मोबाईलवर फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या. आधी टोकं, मग कडा, मग अख्खं पान कागदासारखं वाळून बादलीत पडायचं. कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या व्हायच्या आणि गळायच्या. दामाजी त्या वेचून कठड्यावर ठेवायचा. दुपारी खाडीकडचा वारा त्या उडवून न्यायचा.

पाण्याची पद्धतही शेवंतीचीच होती. तिच्या घरात मासळी धुतलेलं पाणी मोरीत ओतायची कुणाची टाप नव्हती. रक्ताचं, खवल्यांचं ते पाणी, तुळस सोडून बाकी सगळ्या झाडांचं. तिच्या आईच्या अंगणात तेच चालायचं, दामाजीच्या आईच्याही. दामाजीने ती पद्धत एक दिवस मोडली नाही. फक्त मासळी बाजारात तो वर्षभर गेला नव्हता. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी तो शेवंतीचा डबा घेऊन तिथे जायचा. आता तिच्या जागेवर दुसरी बाई बसते, एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते बघायला त्याला जायचं नव्हतं.

त्याचं अडत नव्हतं. शेवंतीची धाकटी बहीण चांगुणा सुकी मासळी विकायची. बहीण गेल्यापासून मेहुण्याचे खायचे हाल नकोत म्हणून ती न चुकता खारवलेला बांगडा, सुरमईचे खारे तुकडे आणून द्यायची. दामाजी ते रात्री भिजत घालायचा. सकाळी मुलगा आणि सून कामावर गेले, की तीन पाण्यांनी धुवायचा, म्हणजे खाण्यासारखे व्हायचे. तिन्ही वेळचं पाणी गॅलरीत जायचं.

मेघाली, सून, खडवलीची, शेतीवाल्या घरातली. मार्च महिन्यात एका रविवारी ती त्याच्या मागे गॅलरीत येऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "बाबा, हे पाणी रोज नका घालू. हे जरा..."

"ही तिची पद्धत आहे," दामाजीने तिला पुढे बोलूच दिलं नव्हतं. "हे पाणी पिऊनच वाढलीत ती."

मेघाली आत गेली. त्यानंतर पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी ती बादलीत साठवू लागली आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर झाडांना घालू लागली. एकदा-दोनदा ते बादल्यांच्या भोकांतून वाहून खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर गळलं आणि तिथल्या बाई वर आल्या. दामाजीला हवं ते कारण सापडलं. मशीनमध्ये गाळून उरलेली सगळी घाण त्या पाण्यात असते, झाडं त्यानेच जळताहेत, हे त्याने पक्कं केलं.

आजही संध्याकाळी गॅलरीतली लादी ओली दिसली.

"मेघाली, परत ओतलंस ते मशीनचं?"

"थोडंच, बाबा. माती जरा धुवून निघेल म्हणून."

"माती म्हणजे काय खरकटी भांडी आहेत, धुवून काढायला?"

यज्ञेश टीव्हीसमोर बसला होता. "बाबा, ऊन किती आहे बघा ना. माणसं करपतायत इथे, झाडांचं काय घेऊन बसलात?"

"ऊन तुझी आई होती तेव्हापण होतं."

मेघालीने रिकामी बादली मोरीत पालथी घातली आणि त्या दिवसापासून ते पाणी सोडून दिलं. दामाजीने रात्री चांगुणाला फोन केला. पंधरा मिनिटं तो मशीनच्या पाण्याबद्दल बोलत होता. चांगुणाने पुढे कुणाकुणाला सांगितलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी डोंबिवलीहून त्याच्या चुलतभावाने, पोपटने, फोन करून विचारलं, की सुनेने झाडं मारली म्हणतात ते खरं का. दामाजी म्हणाला, आता काय बोलायचं.

श्राद्धाच्या दिवशी तो उजाडताच गॅलरीत गेला. निदान एक कळी, फोटोच्या चौकटीत खोचण्यापुरती. त्याने चारही झाडांच्या फांद्या एकेक करून उलटसुलट बघितल्या. तिसऱ्या झाडाची फांदी वाकवली ती काडकन मोडून हातात आली. आत हिरवं काही नव्हतं.

तो तसाच खाली बसला. मातीवर पांढरा थर धरला होता. तो त्याने आधीही पाहिला होता. नळाच्या पाण्याचा चुना असेल, किंवा मासळीचं सत्त्व वर आलं असेल, असं समजून सोडून दिला होता. आता उन्हाची पहिली तिरीप त्यावर पडली तेव्हा थर चमकला. दामाजीने नखाने एक खपली काढली. त्याची आई मिठागरावर टोपल्या वाहायची. लहानपणी तिच्यामागे तो त्या बांधांवरून अनवाणी फिरला होता. सकाळच्या उन्हात जमीन अशीच चमकायची. तिथे गवताची काडी उगवत नसे.

त्याने खपली जिभेवर ठेवली.

मीठ होतं. मग त्याने आत जाऊन तोंड धुतलं. स्वयंपाकघरात मेघाली वड्यांचं पीठ मळत होती. तो दारात उभा राहिला.

"काही हवंय का, बाबा?"

"नाही."

तिने कोपराने केस मागे सारले आणि पुन्हा पिठाकडे वळली. तो मग बाहेर जाऊन बसला.

यज्ञेश स्टेशनजवळून हार घेऊन आला. जाडजूड, पाणी मारलेला, मध्ये लाल गोंडे. वडिलांकडे न बघता त्याने तो फोटोला घातला. दुपारी विधी उरकला, पान ठेवलं, कावळ्यानेही फार वाट पाहायला लावली नाही. नातेवाइकांच्या पंगती बसल्या. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. चांगुणा दामाजीच्या समोरच्या रांगेत बसली होती. तिने मान वळवून फोटोकडे पाहिलं, मग उघड्या दारातून गॅलरीत.

"माझ्या तायच्या फोटोला विकतचा हार," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "जित्तेपणी कधी विकतची वेणी घातली नाय तिनं. आता काय बोलायचं? आजकालच्या पोरींना मशीन कलते, झाड नाय कलत."

मेघाली वड्यांची परडी घेऊन रांगेच्या मधोमध उभी होती. तिने पुढच्या पानावर दोन वडे ठेवले.

"चांगुणा," दामाजी म्हणाला.

पोपटचा घास हातातच राहिला.

"झाडं तिने नाही मारली. मी मारली. रोज सकाळी पाणी मीच घालत होतो, मासळीचं. त्यानेच गेली."

चांगुणाचे डोळे भरून आले. तिने पदर नाकाला लावला.

"बगा," ती सगळ्यांना म्हणाली. "बगा कसा सांभालून घेतो सुनेला. अवो भाऊजी, मासलीचं पानी ताय पण घालायची ना? आमची आय पण घालायची. त्यानं कधी झाड मेलंय?"

"तसं नाही," दामाजी म्हणाला. "ते पाणी..."

ती त्याच्याकडे पाहत होती. वर्षभर बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडाला चव राहावी म्हणून भरउन्हात पिशव्या घेऊन दोन मजले चढणारी ती बाई ओल्या डोळ्यांनी थांबली होती, हा पुढे काय म्हणतो ते ऐकायला. कुठलं पाणी, हे सांगायचं तर मासळी कुठली, कुणी आणलेली, तेही सांगावं लागणार होतं. दामाजीने पाण्याचा पेला उचलला, प्यायला आणि खाली ठेवला.

"असू दे," पोपट म्हणाला. "आजच्या दिवशी कशाला तो विषय? दादाचं मन मोठं आहे, आम्हाला काय नवीन नाही."

"असा सासरा मिळायला नशीब लागतं, पोरी," चांगुणा म्हणाली.

"हो, मावशी," मेघाली म्हणाली.

ती रांगेतून पुढे आली. दामाजीने मान वर केली. तिने त्याच्याकडे पाहिलं, नेहमी पाहायची तसंच, आणि त्याच्या पानावर वडा ठेवला. त्याने हात आडवा धरला नाही, म्हणून आणखी एक ठेवला आणि ती पुढच्या पानाकडे गेली.

चांगुणाने शेजारी बसलेल्या बाईला हीच गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगायला घेतली. दामाजी भात कालवत राहिला.