उलट्या विहिरी

आष्टीकडच्या माणसांना उंची सांगायची म्हणजे विहिरीच्या मापातच, पुरुषभर उंचीच्या परसातच सांगावी लागे. त्रिंबक मुंबईहून सुट्टीला आला की पारावर हाच कार्यक्रम.

"सहा मजले म्हंजी किती परस रे?" विठ्ठलराव पाटील विचारत.

"चौदा. आपली चावडीमागची विहीर सात परस. तशा दोन एकावर एक, आन् उलट्या करून उभ्या केलेल्या."

"ह्यो मुंबईला जाऊन लई फेकाया शिकला," म्हणून सगळे हसत.

पण त्रिंबक फेकत नव्हता. जिथं समुद्र होता तिथं भराव टाकून जमीन केली होती, आणि त्या जमिनीवर दगडी इमारतींची रांगच्या रांग उठत होती. तो पहिल्यांदा गेला तेव्हा बंदरातल्या जहाजांच्या डोलकाठ्या सगळ्यांत उंच दिसायच्या. चार वर्षांत त्या काठ्या घुमटांच्या आणि गच्च्यांच्या आड गेल्या. ह्याचा त्रिंबकला कोण अभिमान! जणू सगळी मुंबई ह्या एकट्यानंच उभी केली. निजामाच्या मुलखातला विहिरी बांधणारा गडी, करोडगिरीचं म्हणजे जकातीचं नाकं ओलांडून नगरला आगगाडीत बसतो काय आणि समुद्राकाठी आभाळाला दगड लावतो काय.

यंदा मात्र त्याची फुशारकी बंद होती. भादव्यात त्याचा धाकटा भाऊ बंकट तिथल्याच एका इमारतीच्या कामावर मेला होता. "दोर तुटला, कुणाचा इलाज चालला न्हाई," असं त्रिंबकनं घरी सांगितलं. बंकटच्या बायकोनं, भिवराबाईनं, ते खरं मानलं. ते खोटं होतं.

झालं होतं ते असं. पाचव्या मजल्यावर चढवलेला दगड निसटला आणि वरून हाक आली. खालचे बाकीचे गडी रस्त्याकडं पळाले. बंकट उलटा वळला, मान खाली घातली आणि भिंतीला चिकटला. विहिरीत दोर मधोमध लोंबतो, पडायचं ते मधेच पडतं. म्हणून हाक आली की वर न बघता कडेला चिकटायचं. इमारतीचं सगळं कडेनंच पडतं. बंकटला ती विहिरीची सवय पाठीत धपाटे घालून लावली होती ती त्रिंबकनंच. मुंबईत ती मोडायला हवी, हे एवढं शहाणपण त्याला चार वर्षांत सुचलं नव्हतं.

आता मुकादमानं आणखी अकरा गडी मागवले होते, तेही विहिरींवरचेच, कारण दगडावर त्यांचा हात बसलेला. दिवाळीनंतरच्या पंचमीला निघायचं होतं. तिथं पोचल्यावर शिकवू म्हणावं, तर मुकादम पहिल्याच सकाळी परांचीखाली उभं करतो. इथं शिकवावं, तर भिवराबाईच्या कानावर जाणार आणि नवरा कशानं गेला ते तिला कळणार. न शिकवावं, तर अकरा घरांत दोर तुटल्याचं सांगायची पाळी येणार. त्रिंबकनं दोन दिवस ह्याच हिशेबात घालवले. चतुर्थीच्या दुपारी त्यानं सगळ्यांना वेशीच्या बुरुजाखाली गोळा केलं आणि स्वतः ढेकळांची पाटी घेऊन वर चढला.

"हाक आली की भिंत सोडायची. रस्त्याकडं पळायचं. कळलं का?"

"त्यात काय कळायचं?" त्याच्याच वयाचा सटवा म्हणाला. "आमी काय खुळे हाव का बे?"

त्रिंबकनं हाक मारली. अकराच्या अकरा गडी माना खाली घालून बुरुजाला चिकटले. ढेकळं त्यांच्या पाठीवर फुटली.

"पायच ऐकंनात," सटवा अंग झटकत ओशाळून म्हणाला.

पुन्हा हाक, पुन्हा ढेकळं. चौथ्या खेपेला दोघं पळाले, आठव्या खेपेला दहा. सटवा आधी भिंतीकडं एक पाऊल टाकायचा आणि मग पळायचा.

पाण्याहून परतणाऱ्या बाया थांबून ही गंमत बघत होत्या. सगळ्या हसत होत्या, भिवराबाई सोडून. तिनं घागर खाली ठेवली. थोरल्या दिराशी ती कधी तोंडावर बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर सासूच्या तोंडून. आज ती सरळ बुरुजाखाली आली आणि वर बघून म्हणाली,

"भावजी, आमच्या ह्यांना हे शिकवलं हुतं का?"

ऐकू आलं नाही असं दाखवणं सोपं होतं. त्रिंबक खाली उतरून तिच्यापुढं उभा राहिला.

"न्हाई. त्याला म्या भिंतीला चिकटायला शिकवलं हुतं. दोर न्हवता तुटला. समदे पळाले, आन् त्यो चिकटला."

भिवराबाई तिथंच खाली बसली आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं रडली. आता ही शिव्याशाप देईल असं त्रिंबकला वाटलं, आणि द्यावेत असंही वाटलं. अकरा गडी गुन्हेगारासारखे उभे होते. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडं एकेक करून बघितलं.

"सटवाभाऊ लई सावकाश पळत्यात," ती म्हणाली. "वर चढा, भावजी. पुन्हा हाक मारा."