केवळ कामाचा

माझ्यामुळे एका बाईची रात्रभर झोप उडाली होती. मी भुंकलो म्हणून नाही. मी तिच्या पोरीच्या पायांवर झोपलो होतो म्हणून.

मी मॉट बोलतोय. वेल्समधल्या डोंगरावर मेंढ्या वळणारा कुत्रा. आमच्याकडे कुत्र्यांची नावं अशीच तोकडी असतात, कारण ती वाऱ्यातून ओरडायची असतात.

माझा जन्म एम्रिस म्हाताऱ्याच्या गवताच्या कोठारात झाला. मेंढी दिसल्यावर जी पिल्लं जमिनीला चिकटून दबा धरायची, ती तो ठेवायचा; जी खेळायला धावायची, ती वाटून टाकायचा. मी दबा धरला आणि राहिलो. त्यानं तोंडानं घातलेल्या कुठल्या शिळेला डावीकडे जायचं, कुठल्या शिळेला जागीच बसायचं, सगळं त्यानंच शिकवलं. मग त्यानं मला नेस्टाला विकलं.

नेस्टा एका बड्या मालकाच्या कळपावर पगारी मेंढपाळ. "मेंढ्या आमच्या, कुत्रा तुझा," असं तिथल्या मॅनेजरनं, प्रोसरसाहेबानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे माझं खाणं, माझी औषधं, सगळं तिच्या पगारातून. बाई शेतकी कॉलेजात शिकलेली, पण लावलेलं फाटक खरंच लागलंय का, हे बघायला पुन्हा मागे फिरणारी. तिची पोर माब्ली माझ्या डोळ्यांदेखत रांगायला लागली. बाप कार्डिफला कामाला गेला तो तिकडेच रमला. तेव्हा घरात आम्ही तिघं. संध्याकाळी मी शेगडीपुढे आडवा व्हायचो आणि माब्ली तिचे गारठलेले पाय माझ्या पोटाखाली खुपसायची.

एका हिवाळ्यात काटेरी तारेनं माझी मागची तंगडी फाटली. डॉक्टरनं ती शिवली आणि नेस्टाचा पगार आटला. तेव्हा एम्रिसनं तिला सांगितलं, पोरी, नोकरीसाठी खिशातून घातलेल्या पैशावर सरकार कर घेत नाही. अर्ज कर, थोडे परत येतील.

तिनं अर्ज उघडला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग प्रश्न आला: हा खर्च पूर्णपणे, केवळ नोकरीसाठीच झाला आहे का?

नेस्टानं मान वळवून शेगडीकडे पाहिलं. पोरीचे पाय माझ्या पोटाखाली होते.

दुसरी कुणी असती तर 'हो' म्हणून मोकळी झाली असती. ही रात्रभर कूस बदलत राहिली. तिला खोटं लिहायचं नव्हतं. म्हणून तिनं ते खरं करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोपटात झाली. माब्लीला समोर उभं करून तिनं सांगितलं, मॉट आपला पाळलेला कुत्रा नाही, तो कामाचा आहे. त्याला कुरवाळायचं नाही, त्याच्याशी खेळायचं नाही, आपल्या ताटातलं द्यायचं नाही.

एम्रिसला हे कळलं तेव्हा तो हसत सुटला. "काय गं पोरी, कुत्रा कुठं निजतो ते बघायला लंडनहून कोण येणार आहे इथं चिखल तुडवत?"

"कुणी येणार नाही, काका. पण मला माहीत असेल ना."

"मग तुला अक्कल आहे की नाही, हेही विचारलंय का त्या अर्जात?"

ती हसली, पण मला आत घेतलं नाही. मला वाटतं, तिचं तिलाही ते पटत नव्हतं. दोन-तीनदा ती खोपटाशी आली, कडीवर हात ठेवला आणि तशीच माघारी गेली.

पोर सुरुवातीला चोरून यायची. बाहीत लपवलेला केकचा तुकडा मला भरवायची आणि माझ्या कानात काहीबाही सांगायची. एकदा आईनं पकडलं. मारलं नाही, नुसतं म्हणाली, "तुझ्यामुळे आई खोटारडी ठरेल." त्यापेक्षा एक चापट बरी होती. माब्ली रडत गेली आणि पुन्हा आली नाही.

पैसे आले. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तोच प्रश्न.

एकदा प्रोसरसाहेब कळप बघायला आला. त्यानं सहज विचारलं, "काय माब्ली, हा तुझा का?"

पोरीनं आधी आईकडे पाहिलं. "नाही. हा कामाचा आहे."

साहेब म्हणाला, मोठी व्यवहारी आहे लेक. नेस्टाचा चेहरा पडला होता, तरी तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. माब्लीनं तो शब्द आणि तो हात, दोन्ही लक्षात ठेवले. त्यानंतर मी चुकून घराच्या दाराशी गेलो की ती खडा भिरकावायची. तिचा नेम आईपेक्षा चांगला होता. नेस्टा खिडकीतून बघायची. पोरीला थांबवावं असं तिच्या मनात येत असणार. पण थांबवून सांगणार काय?

मी मात्र काम केलं. धुक्यात हरवलेल्या गाभण मेंढ्या शोधल्या, ओढ्यात अडकलेली कोकरं भुंकून दाखवली. पोटाखालची जागा तेवढी गार राहिली.

गेल्या आठवड्यात एका दांडग्या मेंढ्यानं मला फाटकावर दाबलं. कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, जगेल, पण धावणार नाही. एम्रिसनं टोपी काढून डोकं खाजवलं.

आज नेस्टानं मला उचलून आत आणलं. शेगडीपुढे जुनी घोंगडी घातली, वर मला ठेवलं, आणि माझ्या मानेत तोंड खुपसून कितीतरी वेळ रडली. आता तिला काही लिहून द्यायचं नाही. आता मी तिचा होऊ शकतो.

माब्ली नुकतीच शाळेतून आलीय. दाराशी बूट काढतेय. ती आत येईपर्यंत माझं मागणं मागून घेतो. माणसांनो, खरं बोलायची हौस जरूर असू द्या, पण त्यासाठी पोरांना काय शिकवता ते बघा. चुकीची शीळ शिकलेला कुत्रा मी पाहिलाय. मालक नंतर कितीही बरोबर शीळ घालो, तो पहिलीलाच वळतो.

माब्ली आली. मला बघून उंबऱ्यातच थांबली.

"ये," नेस्टा डोळे पुसत म्हणाली. "मॉट आता इथंच राहणार. आता तो कामाचा नाही, आपला आहे. ये, हात फिरव त्याच्यावर."

पोर जवळ आली नाही. तिनं माझ्या कंबरेकडे पाहिलं, घोंगडीकडे पाहिलं, आणि मग शांतपणे आईला विचारलं,

"मेलेल्या मेंढ्या न्यायला गाडी येते ना, ते लोक जिवंत घेतात का?"